सहावाल्यांच्या नऊ पावत्या

सहाला म्हणजे सहाला. सव्वासहा नाही, 'निघालोच' नाही, 'वाटेत आहे' तर मुळीच नाही. एकतीस वर्षं हे गृहस्थ लोकांची शेतं भाड्यानं नांगरून देत आले, आणि ज्याला सांगितलं त्याच्या बांधावर सकाळी सहाच्या ठोक्याला यांचा ट्रॅक्टर उभा. त्यामुळं झालं काय, की आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव गेलं वाऱ्यावर आणि सगळा परिसर त्यांना 'सहावाले' म्हणायला लागला. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो सहावाले, लोकांच्या बांधावर वेळेत जाता, तसं कधीतरी जेवायच्या ताटावरही या!"

पलीकडच्या वस्तीत आणखी एक नांगरणीवाला होता. तो सकाळी येतो म्हणायचा आणि जेवणखाण आटपून, एक डुलकी काढून उगवायचा. त्याला लोक 'दुपारवाले' म्हणत. दोघांचं वैर वगैरे काही नव्हतं. पण दुपारवाल्यांचं नाव निघालं की सहावाले नाकावरची माशी उडवल्यासारखा हात करायचे.

आता हे सहाचं एवढं काय कौतुक, असं ज्यानं कधी माती हातात धरली नाही तोच विचारेल. पाणी पडून गेलं की जमिनीला वाफसा येतो, म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ, अशी नांगराला हवी तशी होते. ती तशी आठवडाभर राहिली तर राहिली. तेवढ्यात सात-आठ जणांची शेतं उरकायची, तर प्रत्येकाला आपला दिवस आधीपासून पक्का माहीत लागतो. सहावाले तो दिवस तोंडी सांगायचे. चिठ्ठी नाही, वही नाही, सही नाही. "मंगळवारी सहाला," एवढं म्हटलं की समोरचा घरी जाऊन निवांत झोपायचा. कागद ही वस्तू त्यांच्या धंद्यात नव्हतीच. बोललेलं ते खरं, आणि लिहिलेलं म्हणजे कचेरीतल्या लोकांना हातात काहीतरी धरायला हवं असतं ते, अशी त्यांची पक्की समजूत होती. याच समजुतीनं पुढं त्यांचा घात केला.

जुना ट्रॅक्टर सत्तावीस वर्षं चालला. शेवटी त्याचं इंजिन असं काही फुटलं की मिस्त्र्यानं नुसतं डोकं हलवलं. मग सहावाले हमरस्त्यावरच्या नव्या शोरूममध्ये गेले.

ते शोरूम! समोर सगळी काच. आत गारठा इतका की बाहेरून आलेल्या माणसाच्या पाठीवरचा घाम तिथंच थिजावा. फरशी अशी चकचकीत की मातीचे जोडे घालून आत पाऊल टाकायची लाज वाटावी, आणि दुकान कसलं, तर ट्रॅक्टरचं! कागदी पेल्यातून पाणी, खोटी झाडं, भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्यांचे फोटो. त्यातल्या एकाच्याही नखात माती नव्हती. मालक पस्तिशीचा, गुळगुळीत. बोलताना समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरायचा आणि सोडायचाच नाही. "काका, दुकान तुमचंच आहे," हे त्याचं पालुपद. हात सुटला की सहावाल्यांना उगाच तो हात धुवावासा वाटायचा. पण ट्रॅक्टर दिसायला देखणा होता, आणि वाफसा तोंडावर आला होता. घेतला.

पहिले दहा दिवस बरे गेले. अकराव्या दिवशी विहिरीवाल्यांच्या शेतात, दोन तास नांगर ओढल्यावर, इंजिन धापा टाकल्यासारखं करत बंद पडलं. किल्ली फिरवली, ढिम्म. पुन्हा फिरवली, ढिम्म. पाऊण तासानं, आपण त्या गावचेच नाही असा आव आणून, गपकन चालू झालं. पुढं हेच सुरू झालं. गार असला की गुणी बाळ, तापला की मेला. कधी दोन तासांनी, कधी वीस मिनिटांत. एकदा तर भर रस्त्यात, वळणावर, मागं गाड्यांची रांग आणि हॉर्नचा कल्लोळ. एक पोरगेला मोटारवाला काच खाली करून ओरडला, "काका, म्युझियममध्ये लावा तो!" सहावाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? ट्रॅक्टर चार महिन्यांचा होता.

आणि दुरुस्तीची तऱ्हा ऐका. ट्रॅक्टर ओढत शोरूमच्या मागच्या वर्कशॉपात न्यायचा. ओढत नेईपर्यंत तो गार. तिथला सर्व्हिसवाला, शर्टावर एक डाग नाही, हातात कागद अडकवलेली पाटी. तो किल्ली फिरवणार, ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात चालू. "काका, चालू तर होतोय!" असं म्हणून तो सहावाल्यांकडं असा बघायचा, जणू म्हाताऱ्याला किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते कळत नाही. दोन तास नांगर लावून चालवून बघा म्हटलं, तर "नांगर आमच्याकडं कुठून येणार?" बाहेरच्या मिस्त्र्याला दाखवतो म्हटलं, तर "बाहेर एक नट जरी ढिला केलात तरी वॉरंटी गेली म्हणून समजा." म्हणजे तुम्ही करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही! मग काहीतरी पुसल्यासारखं करायचं, एखादी नळी बदलायची आणि बोळवण करायची.

त्यातून बाहेर पडायची रीत आणखी निराळी. वर्कशॉपच्या फाटकावर आडवा दांडा. पहारेकऱ्याला पिवळी पावती दिल्याशिवाय तो दांडा वर करत नसे. पिवळी पावती मिळायची आत काउंटरवरच्या मुलीकडं. त्या पावतीवर पाच तोंडं छापलेली, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि खाली ओळ: 'काम समाधानकारक झाले. माझी काही तक्रार नाही.' त्याखाली गिऱ्हाइकाची सही.

पहिल्या वेळी सहावाले म्हणाले, "अगं पण पोरी, मी अजून चालवून कुठं बघितलाय?"

"बाहेर काढल्यावर बघा ना काका. सही केल्याशिवाय बाहेर कसा निघेल?"

"आणि बिघाड तसाच असला तर?"

"तर पुन्हा घेऊन या. ही नुसती फॉर्मॅलिटी असते. हसऱ्या तोंडावर खूण करा, नाहीतर मला बोलणी बसतात."

पोरीला बोलणी कशाला बसवायची, म्हणून त्यांनी हसऱ्या तोंडावर खूण केली. सही ठोकली. कागदच तो, फाटकापुरता. दांडा वर गेला. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा बंद. असं करत करत वर्षभरात नऊ खेपा झाल्या आणि नऊ हसरी तोंडं. नवव्या वेळी तर पेन त्यांनी स्वतःच उचललं, मुलीनं मागायच्या आत.

इकडं बांधाबांधावर लोक वाट बघायला लागले. सुरुवातीला कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी थट्टेत म्हणालं, "आता सहावाले म्हणावं का सव्वानऊवाले?" सगळे हसले, सहावालेही हसले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. पुढं पुढं तर सकाळी फोन वाजला की ते उचलायचे नाहीत. बायकोला म्हणायचे, "सांग, निघालेत." ज्या शब्दाचा त्यांना जन्मभर तिटकारा होता, तोच बायकोच्या तोंडून पलीकडच्याला ऐकवायचे. फोन ठेवून ती नुसती बघायची. ते बघणं सगळ्यात वाईट होतं.

नवव्या खेपेला वर्कशॉपातल्या बुटक्या मिस्त्र्यानं त्यांना ट्रॅक्टरच्या आडोशाला बोलावलं. सगळ्या वर्कशॉपात हात काळे असलेला हा एकटाच. आजूबाजूला बघून तो हळूच म्हणाला, "काका, नळ्याबिळ्या सगळं झूट आहे. डिझेलचा पंप खराब आहे. तापला की डिझेल सोडायचं बंद करतो. तुमचाच नाही, तुमच्या गाडीबरोबर कंपनीतून आलेल्या सगळ्या गाड्यांचा. कंपनीचं पत्र आलंय, पंप बदलून द्या म्हणून."

"मग देत का नाहीत?"

"देतील. आधी उरलेल्या आठ गाड्या विकून होऊ देत. पंप बदलतायत असं बाहेर कळलं तर घेईल कोण? आणि काका, मी काही बोललो नाही."

सहावाल्यांनी शोरूमच्या काचेकडं पाहिलं. शोरूममधला तो गार सुगंधी वास, ते दोन्ही हातांनी हात धरणं, 'दुकान तुमचंच आहे', सगळ्याचा अर्थ आता लागला. तसेच आत जाऊन मालकाला फैलावर घ्यावं असं वाटलं. पण मिस्त्र्याची नोकरी जाईल. मूग गिळून त्यांनी सही केली आणि ट्रॅक्टर बाहेर काढला.

पुढच्या वेळचा वाफसा आला तेव्हा त्यांनी सात जणांना सात दिवस सांगितले. पहिला दिवस मास्तरीणबाईंचा. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सहावाल्यांच्या मुलीला त्यांनीच शिकवलेलं. नवरा गेल्यावर शेत स्वतः बघत. बाईंचा स्वभाव असा, की औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायच्या. न वाचता सही करणाऱ्या पोराला त्यांनी शाळेत बाकावर उभं केलं होतं. "बाई, शुक्रवारी सहाला," सहावाले म्हणाले. मनात म्हणाले, गार आहे तोवर तरी पोचेल.

गुरुवारी दुपारी घराच्या अंगणातच ट्रॅक्टर बंद पडला, आणि या वेळी गार झाल्यावरही चालू होईना. दहाव्यांदा तो ओढत शोरूमला नेला.

आत बघतात तर फुगे, रिबीन, आणि एका नव्या कोऱ्या ट्रॅक्टरसमोर खुर्चीवर मास्तरीणबाई! हातात चष्मा, मांडीवर कागदांची चळत. मालक पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली घेऊन उभा. एक फोटोवाला.

"या या, सहावाले!" बाई खुशीत म्हणाल्या. "तुमचा उशीर मला काही बघवेना हो. तुमचं वयही झालं. म्हटलं, आपलाच एक घ्यावा, भाचा चालवेल. उद्याची नांगरट मात्र तुमचीच. आणि घेतेय बरं का तुमच्याच भरवशावर."

"माझ्या?"

"मी यांना म्हटलं, तोंडाच्या वाफा नकोत, लेखी काय आहे ते दाखवा. तर यांनी तुमच्या पावत्या काढून ठेवल्या. नऊच्या नऊ वाचल्या मी. 'समाधानकारक, तक्रार नाही.' सहावाल्यांसारखा माणूस नऊ वेळा लिहून देतो, मग आणखी काय बघायचं? वाटेत बंद पडतो तो तुमच्या नांगरामुळं असेल, असं हे म्हणाले."

सहावाल्यांनी मालकाकडं पाहिलं. मालकानं लगेच त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना दोन पावलं बाजूला नेलं.

"काका, तुमचा नवा पंप आलाय," तो गोड आवाजात म्हणाला. "आत्ता बसवायला सांगतो. संध्याकाळी घेऊन जा, उद्या सहाला बाईंच्या बांधावर. फक्त एक फोटो काढू, तुम्ही, बाई आणि किल्ली. एक मिनिटाचं काम."

म्हणजे पंप होता. कपाटात होता. नऊ खेपा हा माणूस त्यांचा हात धरून हसत होता आणि पंप कपाटात होता. सहावाल्यांना त्याच्या हातांची अशी शिसारी आली की त्यांनी आपला हात हिसकून घेतला आणि सदऱ्याला पुसला.

खोटं कशाला सांगू, क्षणभर ते थांबले. संध्याकाळी पंप बसला असता. उद्या सहा, परवा सहा, सातही दिवस सहा. गेलेलं नाव परत आलं असतं. एका फोटोत त्यांना सगळं परत मिळत होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"बाई, सही करू नका," ते म्हणाले.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"याचा डिझेलचा पंप खराब आहे. माझाही तोच. वर्षभर मी चालवतोय, नांगराचा काही दोष नाही. त्या पावत्या खोट्या आहेत."

"खोट्या? सह्या तुमच्या नाहीत?"

"सह्या माझ्याच. लिहिलंय ते खोटं."

बाईंनी चष्मा काढला. "मग सही का केलीत?"

"फाटक उघडावं म्हणून."

"नऊ वेळा?"

"नऊ वेळा."

शाळेत ज्या नजरेनं त्या पोराला बाकावर उभं करायच्या, त्याच नजरेनं त्यांनी सहावाल्यांकडं पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली आणि बाहेर निघून गेल्या. सहावाल्यांना फरशी फाटून आत गडप व्हावंसं वाटलं. मालकाची किळस तर होतीच. पण आता जी आली ती स्वतःची. पेन पुढं होऊन उचलणाऱ्या स्वतःच्याच हाताची.

मालकाचा गोडवा गेला. "उचला तुमचं धूड!" तो ओरडला. "लेखी समाधान दिलंय, आता कोर्टात जा नाहीतर कुठंही जा. पंपबिंप काही नाही." अर्ध्या तासात ट्रॅक्टर फाटकाबाहेर रस्त्याकडेला ढकलला गेला. या वेळी पहारेकऱ्यानं पावती मागितली नाही.

घरी येऊन त्यांनी दुपारवाल्यांना गाठलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात गेले. काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. दुपारवाल्यांनी टिंगल केली नाही, एवढं मात्र खरं.

शुक्रवारी पहाटे पावणेपाचला ते जोडे घालायला बसले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चाललात कुठं? ट्रॅक्टर कुठाय?"

"बाईंना सांगायला. ट्रॅक्टर येणार नाही म्हणून."

"फोन करा की! सहा किलोमीटर चालणार?"

"फोनवर तोंड दाखवता येत नाही," ते म्हणाले आणि निघाले.

बांधाच्या कडेच्या छोट्या पुलावर मास्तरीणबाई बसलेल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर पिशवी. सहावाले समोर येऊन उभे राहिले तेव्हा बाईंनी आधी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग त्यांच्या चिखलानं भरलेल्या जोड्यांकडं.

"ट्रॅक्टर?"

"नाही आला. दुपारवाल्यांना सांगितलंय. दहाला येतो म्हणालेत."

"म्हणजे एकला."

"एकला," सहावाल्यांनी कबूल केलं.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"शुक्रवारी सहाला म्हणालो होतो."

बाईंनी शाल सावरली. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला, दोन्ही बाजूंनी त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेला. वर ग्राहक मंचाचा पत्ता होता.

"तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "माझी आणि तुमची. वाचा आधी. वाचल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही."

सहावाले पुलाच्या कठड्यावर बसले आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागले. त्यांना वाचायची सवय नव्हती, वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. पंप, नऊ खेपा, नांगरावर ढकललेला दोष, पुठ्ठ्याची किल्ली, सगळं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन त्यांनी मान वर केली.

"बाई, यात माझ्या सह्यांचं नाही."

"मुद्दामच नाही लिहिलं. ते पुढचं पुढं. आधीच कशाला तुमचं हसं करायचं?"

"लिहा," सहावाले म्हणाले. "नऊ वेळा न बघता सही केली, आणि ती खोटी होती, असं लिहा. नाहीतर उद्या आणखी कुणी माझ्या नावावर तो ट्रॅक्टर घेईल."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग कागद मांडीवर घेतला, शेवटच्या ओळीखाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद पेनासकट त्यांच्या हातात दिला.

सहावाल्यांनी पेन बाजूला ठेवलं. कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून काढला, आणि मग सही केली.